स्वयंपाकघराचं माप

नत्थू गवंड्यानं सब्बल उचलली, आणि नेमका तेव्हाच प्रोफेसर ओरडला, "अहो थांबा, थांबा! काय करताय हे?"

मनकर्णाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बासष्ट साली ती या घरात सून म्हणून आली, तेव्हापासून नवऱ्याच्या मागे लागली होती, की माझ्या स्वयंपाकघराला एक खिडकी पाडून द्या, धुरानं जीव जातो. बावीस वर्षं चंपतराव "पाहू" म्हणत होता. परवा कुठं "बरं" म्हणाला. मागच्या भिंतीवर कोळशानं चौकोन आखून झाला, आणि हा मेला नागपूरचा प्रोफेसर आजच उगवला. खेड्यापाड्यांतली जुनी घरं मोजत फिरतो म्हणे. रिकामटेकडा!

प्रोफेसरनं भिंतीवरून मायेनं हात फिरवला. "चंपतराव, दोन हात जाडीची पांढऱ्या मातीची भिंत आहे ही. आणि मागच्या अंगाला एकही भोक नाही, पाहिलंत? पेंढाऱ्यांच्या भीतीनं असं बांधलं असणार. पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. याला हात लावू नका."

कालपर्यंत या घराला खुराडं म्हणणारा चंपतराव छाती काढून उभा राहिला, जणू पेंढारी त्यानंच हाकलले होते. "राहू दे गा नत्थू," तो म्हणाला. "सर म्हणून राहिले, तर काही असन त्यात."

"पेंढारी अजून येऊन राहिले का?" मनकर्णा कडाडली.

"तू चूप बस वं. तुले त्यातलं काय समजते?"

ती पाय आपटत आत गेली. भाकरी थापायच्याच होत्या; इतिहासानं कोणाचं पोट भरणार नव्हतं. कालच्या पावसात जळणाच्या पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं, भिजल्या होत्या. तिनं त्या तशाच चुलीत सारल्या आणि फुंकणी घेतली. घटकाभरात खोलीत हाताला हात दिसेना.

प्रोफेसर टेप घेऊन आत आला आणि खोकत खोकत आल्या पावली दाराशी गेला. "चंपतराव, तुम्ही जरा टोक धरता का? त्या कोपऱ्यात, चुलीमागं. मी इथून वाचतो."

चंपतराव ऐटीत आत शिरला. चूल पेटलेली असताना तो इथं कधी आला नव्हता. त्याचं ताट रोज बाहेर ओसरीवर, सपरीत जायचं. कोपऱ्यात टोक धरून तो उभा राहिला. आधी त्याचे डोळे चुरचुरले, मग नाक वाहू लागलं.

"झालं का जी?"

"आकडा दिसेना हो. चष्मा पुसतो. हलू नका."

"लौकर करा ना जी!"

"हलू नका," तव्यावरची भाकर उलथत मनकर्णा म्हणाली. "सर सांगून राहिले ना."

एक भिंत मोजून व्हायच्या आतच चंपतरावनं टेप टाकली, तो प्रोफेसरला धक्का मारून दाराबाहेर पळाला आणि अंगणात उकिडवा बसून ओकारी येईस्तोवर खोकला. मग तिथूनच ओरडला, "नत्थू! मार सब्बल!"

"अहो, पण इतिहास—"

"तो तुमच्या वहीत लिहून घ्या जी!"

भिंत चिवट निघाली. दुपार कलली तेव्हा कुठं तिला आरपार भोक पडलं. चुलीपाशी उजेड आला. मनकर्णाच्या घामेजल्या मानेला वारा लागला. आता निदान उरलेली वर्षं तरी सुखानं भाकरी होतील, असं तिला वाटलं.

तेवढ्यात त्या भोकात चंपतरावचं तोंड दिसलं. डोळे लालबुंद, मिशीवर माती.

"अवं मनकर्णे, केवढा धूर होते वं इथं!" तो म्हणाला. "काहून सांगितलं नाही तू आजवर?"