प्रियदर्शनीची साक्ष

या, अजून जरा जवळ सरका. टाळ खाली ठेवलेत तोवर एक गोष्ट ऐका, आपल्या पुण्यातलीच.

फॅमिली कोर्टाच्या बाकावर आम्रपाली बसली होती आणि तिसरीतल्या लेकीच्या वेणीची रिबन सोडून पुन्हा बांधत होती.

“आत न्यायाधीश मॅडम विचारतील तेव्हा काय सांगायचं?”

“बाबा मारतात,” प्रियदर्शनी म्हणाली. मग हळूच, “पण आई, रविवारी विहारात आपण ‘मुसावादा’ म्हणतो, ते खोटं न बोलण्याचंच ना?”

“मान सरळ ठेव,” आम्रपाली म्हणाली.

तिच्या नवऱ्यानं, समाधाननं, लेकीवर कधी बोटही उगारलं नव्हतं. संसार मोडला तो नवरा-बायकोच्या रोजच्या कुरबुरींनी. पण त्याची नोकरी पक्की, विश्रांतवाडीत स्वतःचा फ्लॅट, घरात आई. आम्रपाली बिबवेवाडीत भाड्याच्या एका खोलीत. तिच्या वकील कल्याणीताईंनी स्पष्टच सांगितलं होतं, “पोरगी पाच वर्षांच्या आतली असती, तर ताबा बहुतेक आईकडेच राहिला असता. आता कोर्ट तिचं हित बघणार, तिला विचारणार. काय हो, मारतो का तो तिला?”

आणि आम्रपालीच्या तोंडून निघून गेलं, “हो.”

ते अर्जात गेलं. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

समोरच्या बाकावरून सासूबाई, शालन, म्हणाल्या, “झाली का रिबन? का अजून पाठांतर बाकी आहे?”

“आई, गप्प बस ना,” समाधान म्हणाला. तो लेकीकडे बघून हसला. तिनं मान खाली घातली.

पुकारा झाला. प्रियदर्शनी एकटीच न्यायाधीशांच्या खोलीत गेली. दार लागलं. बऱ्याच वेळानं शिपाई बाहेर आला आणि समाधानला आत घेऊन गेला. आम्रपाली बाकावरून उठून उभी राहिली. म्हणजे पोरगी बोलली तर!

समाधान बाहेर आला तो खाली बघतच. व्हरांड्याच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुपारी आदेश झाला. ताबा आईकडे. वडिलांनी मुलीला भेटायचं ते कोर्टातल्या मुलांच्या खोलीत, समुपदेशकाच्या नजरेसमोर.

“जिंकलो की हो! असं सुतकी तोंड करून काय बसलात?” कल्याणीताई म्हणाल्या.

आम्रपालीनं लेकीचा हात धरला आणि रिक्षा गाठली. स्वारगेट मागं पडेपर्यंत ती बाहेरच बघत होती. मग एकदम लेकीला पोटाशी धरून रडायला लागली.

“माझं चुकलं गं, बाळा. तुझ्याकडून मी खोटं वदवलं. त्याचा दोष माझ्या माथी, तुझ्या नाही.”

“पण मी बोललेच नाही, आई.”

“काय?”

“मॅडमनी खूप विचारलं. मला नुसतं रडूच येत होतं. मग त्यांनी बाबांना बोलावलं.”

“मग?”

“बाबा म्हणाले, ‘हो, मारतो मी हिला. आता हिला काही विचारू नका.’”

मायबाप हो, हात जोडाल तेव्हा त्या समाधानची आठवण ठेवा.