वजा न केलेली भोकं

शेवटच्या बाकावरून हात वर आला तेव्हा सरांनी उत्तराखाली दोन रेघा ओढून खडू खाली ठेवलासुद्धा होता.

"सर, बोल्टची भोकं वजा करायची राहिली."

वर्ग चपापला. या सरांची चूक काढणं म्हणजे वाघाला दात घासलेस का विचारणं. फळ्यावर छतापासून गॅलरी टांगणारी पोलादी पट्टी होती, तिला बोल्टसाठी पाडलेली भोकं होती, आणि सरांनी पट्टीची अख्खी रुंदी धरून ती ताणाला पुरते असं सिद्ध केलं होतं. भोकात पोलाद नसतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण वर्गाने ते निमूटपणे उतरवून घेतलं होतं.

सर रागावले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. हे त्याहून भयंकर होतं.

"उभी राहा, बाळ. बघा रे हिच्याकडे. नोकरीला लागल्यापासून दर वर्षी मी हे गणित असंच चुकवतोय. मुद्दाम. कुणीतरी पकडेल म्हणून. एकाही माईच्या लालाने पकडलं नाही. उद्या निवृत्त होतोय, म्हटलं, जन्मभर मेंढरंच राखली."

पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने धीर केला.

"पण सर, नंतर बरोबर करून का नाही सांगितलं?"

"सांगितलं तर पुढच्या वर्गाला कळणार. मग सापळा कसला?"

"आणि परीक्षेत?"

"पेपर मीच तपासतो. पैकीच्या पैकी देतो आणि मनातल्या मनात हसतो."

कुणालाच हसू आलं नाही. सर मात्र नवरदेवासारखे चालत शेवटच्या बाकापर्यंत गेले.

"तुला कसं सुचलं गं?"

"सुचलं नाही, सर. बाबांमुळे माहीत होतं. तेही तुमचेच विद्यार्थी."

"म्हणजे एकाला तरी कळलं होतं तर. लबाड, कधी बोलला नाही." सरांना आभाळ ठेंगणं झालं. "उद्या निरोप समारंभाला घेऊन ये त्यांना. माझ्या शेजारी बसवतो."

"त्यांना येता येणार नाही." ती फळ्याकडे बघत होती. "त्यांनी एका नाट्यगृहाची गॅलरी अशाच पट्ट्यांवर टांगली होती. पहिल्याच गर्दीत पट्टी भोकापाशी तुटली. माणसं गेली. बाबा तुरुंगात आहेत."

सरांनी बाकाची कड धरली. विचारलं ते भलतंच.

"कोर्टात... माझं नाव आलं होतं का?"

"वकील म्हणत होते, घ्या म्हणून. बाबा ऐकेनात. म्हणाले, सरांच्या नजरचुकीने राहिलं असेल. मुद्दाम थोडंच कुणी चुकीचं शिकवतं?"