पुलाखालचं बिऱ्हाड

भाडं दुप्पट झालं, तसा शिंपी बायकोला घेऊन पुलाखाली राहायला गेला. पण ऐट कायम. छत एवढं उंच, की पतंग म्हणे घरातल्या घरात उडतो!

एके सकाळी नगरपालिकेच्या बाई यादी करायला आल्या. बेघरांना खोल्या मिळणार होत्या.

“चपला बाहेर काढा हं, हिनं आत्ताच झाडलंय,” शिंपी म्हणाला.

बाई चपला काढून सतरंजीवर बसल्या. “घर आहे का तुम्हाला?”

“मग तुम्ही बसलाय कुठं?”

“अहो, पुरे आता,” बायको म्हणाली. “हातची खोली जाईल. बाई, बेघर लिहा.”

शिंपी बराच वेळ सतरंजीची सुरकुती काढत राहिला.

“लिहा,” तो म्हणाला. “फक्त तेवढं बाहेर जाऊन लिहा.”