पुडीतला कापूर

करंजाड्याच्या देवळात एकाहत्तर सालच्या त्या दुपारी गोटीरामबुवांचं कीर्तन भलतंच रंगलं. बंगालच्या सीमेवरची निर्वासितांची छावणी बुवा स्वतः पाहून आले होते. कत्तलीतून एकटी वाचलेली, सिमेंटच्या पाइपात राहणारी चिमुरडी त्यांनी आख्यानात उभी केली, तसे बायाबापड्यांचे पदर भिजले. “न्यायला येईन,” असं आपण तिला दिलेलं वचन सांगताना बुवा अडखळले. बायांमधली गोजराबाई आरतीचं ताट घेऊन उठली. “बुवा, रडवलंत तेवढं बास. पोरीला सोडवा, मंग आरती.” आख्यान गोड झाल्याशिवाय आरती नाही, आणि आरतीवाचून नारदाच्या गादीवरून उतरता येत नाही. ‘सुटली’ म्हटलं की झालं, पण बुवांची जीभ रेटेना. “ती तिथंच हाय, माय.” गोजराबाईनं कापूर पुन्हा पुडीत बांधला. “मंग आना तिला. माज्या चुलीवर तिचा भात शिजंल. आरती तवाच.” कोणी उठेना. बुवा गादीवर उभेच.