मूळचा लाल

घरी आलेल्या कोऱ्या करकरीत लाल ट्रॅक्टरला बाबांनी वर्षाच्या आत निळा रंग फासला होता. का, ते कधीच सांगितलं नाही. "राहू दे रे निळाच," ते आत्ताही म्हणत होते. पण मी हट्टाला पेटलो. निळा थर खरवडून काढला, कंपनीचा मूळ लाल मिळवून मारला आणि भंगारवाल्यांचे उंबरे झिजवून अस्सल भाग जमवले. फक्त डाव्या दिव्याची रिंग काही मिळेना. बाबांनी तिथे भलत्याच गाडीचा दिवा ठोकला होता.

काल ट्रॅक्टर अंगणात उभा केला. बाबा तो बघून आत गेले. ट्रॅक्टर निळा झाल्यावर पलीकडच्या गावाहून शेजारी राहायला आलेल्या काकू मात्र कुंपणापाशी कितीतरी वेळ खिळून उभ्या राहिल्या. मग घरात जाऊन फडक्यात गुंडाळलेली एक रिंग घेऊन आल्या. थोडी चेपली होती, पण दिव्याच्या खाचेत बरोब्बर बसली.

"काकू, अहो, हिच्यासाठी मी रान पालथं घातलं! तुम्हाला कुठे मिळाली?"



"माझ्या मुलाला उडवलं ना, तिथे रस्त्यावर पडली होती, लाल रंग लागलेली. तेव्हा आम्ही लाल ट्रॅक्टर सगळे बघितले रे. तुमचा तेवढा निळा होता."