यादीतलं एक नाव

"देव कुणाला विसरत नाही, दोमेनिको," पेटी उचलत फादर म्हणाले.

"देवाचं ठीक आहे हो, फादर. पण तिचं नाव मला कानांनी ऐकायचं असतं."

रोममधल्या या जर्मन पाद्र्यांच्या निवासात दोमेनिकोच्या बायकोने तीस वर्षं स्वयंपाक केला होता. ती गेल्यापासून रोज संध्याकाळी चॅपलमध्ये फादर निवासातल्या मृतांसोबत तिचंही नाव वाचत, आणि बाकीचे पाद्री उत्तरादाखल म्हणत, "शांती लाभो." आता इटली जर्मनीच्या शत्रूंच्या बाजूने युद्धात उतरली होती आणि जर्मनांना आजच देश सोडायचा होता.

पाद्र्यांना घेऊन घोडागाडी गेली. संध्याकाळी दोमेनिको रिकाम्या चॅपलमध्ये उभा राहिला. "एर्सिलिया," तो म्हणाला, आणि सवयीने थांबला. उत्तरही आता आपल्यालाच द्यायचं आहे, हे त्याच्या लक्षात आलं. तेवढं मात्र त्याच्याने होईना.