घंटीच्या वायरीवरचं कडं

ती वरच्या खोलीत हौशी लोकांच्या हॅम रेडिओवर बोलू लागली, की खाली अंथरुणाला खिळलेल्या बाबांनी बटण न दाबताच तिला बोलवायची त्यांची घंटी तिच्या कानाशी घणघणायची. रेडिओच्या लहरी घंटीच्या वायरीत शिरायच्या. दर वेळी ती धडाधड जिना उतरायची आणि बाबा हसायचे, “मी नाही गं, तुझाच रेडिओ!” हळूहळू तिने उठणंच सोडलं. मग खरी हाकही चुकेल म्हणून स्वतःचीच भीती वाटून तिने वायर लहरी अडवणाऱ्या फेराइटच्या काळ्या कड्यावर गुंडाळली, बोलून पाहिलं. घंटी चिडीचूप. “आता वाजली, तर मीच हं,” बाबा म्हणाले. संध्याकाळी रेडिओवर गप्पा रंगल्या आणि घंटी वाजली. “माझ्याच लहरींची कटकट,” ती सवयीने मित्राला म्हणाली आणि बोलत राहिली. खाली आली तेव्हा बाबांचा अंगठा बटणावर होता, थंडगार. महिन्याभराने कडं काढून ती माइकवर बोलली. घंटी घणघणली. ती धडाधड जिना उतरली.